हात थांबले की सांगायचं

मास्तरांच्या घरात एक नियम होता आणि तो त्यांच्या मुलीने, बबडीने, लहानपणी करून टाकला होता. आईचे हात थांबले की सांगायचं.

अरबी बोलणाऱ्या त्या गावात मास्तर शाळेत फ्रेंच शिकवत आणि उरलेल्या वेळात फ्रेंचमधली तत्त्वज्ञानाची पुस्तकं अरबीत आणत. शाळेचं काम पोटासाठी होतं. हे दुसरं कशासाठी, ते विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की ते सांगत बसत. त्यांची बायको पोस्टात काउंटरवर होती. निवृत्त झाली तरी गल्ली तिला पोस्टबाईच म्हणायची. घरात सगळे अरबीच बोलत, पण ती स्वयंपाकघरातली अरबी, पदर खोचलेली. पुस्तकातली अरबी म्हणजे गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेला पाहुणा. पोस्टबाईला ती वाचता यायची, पण त्या दोघींचं कधी मैत्र जमलं नाही. फ्रेंच तर तिला ओ की ठो कळत नव्हतं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मास्तरांचं पहिलं भाषांतर परत आलं होतं. प्रकाशक त्यांचा शाळासोबती. त्याने तोंडावर नाही म्हणायचं टाळून ‘विद्वत्तापूर्ण आहे’ एवढंच म्हटलं होतं. मास्तर धुमसत घरी आले, तसेच स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि हातातला कागद मोठ्याने वाचायला लागले. बायको ताटात मसूर निवडत होती. एका वाक्याच्या शेवटाशी तिचा हात थांबला.

“काय झालं?”

“कुठे काय. वाचा तुम्ही.”

“मग हात का थांबला?”

“हे वाक्य सुरू कुणी केलं होतं ते विसरले मी,” ती म्हणाली. “आता संपत आलंय तर ओळख लागत नाहीये.”

 जेवल्यावर मास्तरांनी ते वाक्य काढलं, त्याचे तीन तुकडे केले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी मसूर निवडून झाले.

मग ती पद्धतच पडली. दुपारचा चहा झाला की मास्तर टेबलाच्या एका टोकाला कागद घेऊन बसायचे. दुसऱ्या टोकाला बायको मांडीवर परात घेऊन मटार सोलायची, बटणं लावायची, काही ना काही हाताने चालू ठेवायची. चांगलं की वाईट ते तिने सांगायचं नाही. हात चालू राहिले की वाक्य पास. थांबले की नापास.

“मला तुमच्या त्या तत्त्वज्ञानातलं काही कळत नाही हं,” ती सुरुवातीला म्हणायची.

“कळायला नकोच आहे. तू शेंगा सोल.”

पण तसं थोडंफार कळायचं. काउंटरवर माणूस येतो, त्याच्यामागे रांग असते, त्याला काय हवंय ते त्याने नीट सांगितलं पाहिजे. एवढ्याच हिशोबाने ती ऐकायची. कितीतरी मोठमोठे फ्रेंच पुरुष त्या काउंटरवरून परत गेले.

अडचण एकच होती. कागदावर नजर असलेल्या माणसाला समोरचे हात दिसत नाहीत. ती अडचण बबडीने सोडवली. टेबलाखाली मावायची त्या वयात ती तिथेच खेळायची, आणि तिथून आईची मांडी, मांडीवरची परात आणि परातीतले हात सगळं दिसायचं. एका दुपारी खेळता खेळता, मान वर न करता, ती म्हणाली, “थांबले.”

“कुठे?” मास्तरांनी विचारलं.

“आत्ता.”

मास्तरांनी पेन्सिलीने तिथे खूण केली. त्या दिवसापासून ‘थांबले’ आणि ‘कुठे’ हे दोन शब्द त्या स्वयंपाकघरातल्या नळासारखे झाले. नेहमीचे, घरचे.

बबडी मोठी झाली, टेबलाखाली मावेनाशी झाली, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायच्या कामाला लागली. दुकानातून परत आली की पर्स खांद्यालाच ठेवून स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहायची.

“थांबले, बाबा. मगाशीच थांबले. गाडी मागे घ्या.”

“कितपत मागे?”

“ते ‘वस्तुतः’ गेलं ना, त्याच्याही मागच्या स्टेशनापर्यंत.”

प्रकाशक एकदा मुद्दाम हा प्रकार बघायला येऊन बसला होता. “एवढं मोठं संपादक मंडळ माझ्याकडेसुद्धा नाही,” तो म्हणाला. मास्तर पुस्तकांच्या प्रस्तावनेत ‘घरातल्या दोघींचे’ आभार मानायचे. त्यावरून वाचकांचा भलताच समज होतो असं बबडीचं म्हणणं होतं.

“माझं लग्न झाल्यावर काय करणार तुम्ही?” ती विचारायची. “आईच्या मनगटाला एक घंटी बांधून घ्या.”

“तुझ्यासारखी घंटी बाजारात मिळत नाही,” मास्तर म्हणायचे.

“असली घंटी कोण पसंत करणार आहे,” असं आई म्हणायची, आणि हसायची, आणि हात चालू असायचे.

एका हिवाळ्यात बबडी आजारी पडली आणि तो हिवाळा संपायच्या आत गेली. रक्ताचा आजार होता. आजारी पडण्याआधी तिने बाबांचा चष्मा नवा करून दिला होता. कानामागे टोचतो म्हणून काडी दोनदा गरम करून वाकवून दिली होती. तो चष्मा नाकावर ठेवून मास्तर इस्पितळात तिच्या उशाशी बसायचे. तिला वाचून दाखवायला ते काही ना काही न्यायचे, पण ती म्हणायची, “नको बाबा, आई नाहीये इथे. कुणाचे हात बघू?”

त्यानंतर बरेच महिने स्वयंपाकघरात वाचन झालं नाही. मटार पोस्टबाई बाजारातून सोललेलेच आणायची.

मग एक दिवस मास्तर शाळेतून आले आणि चहा झाल्यावर कागद घेऊन टेबलाशी बसले. बायकोने परात घेतली. माणूस पुन्हा कामाला लागतोय, याचं तिला बरंच वाटलं. पुस्तक कुठलं ते तिने विचारलं नाही. पूर्वीही विचारत नसे.

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दाला तिला कळलं. तो शब्द होता ‘गैरहजेरी’. पोस्टातल्या हजेरीपटावर असायचा तो शब्द, शाळेच्या प्रगतिपुस्तकात असायचा तो शब्द. मास्तरांनी भारदस्त शब्द सोडून मुद्दाम तो साधा शब्द घेतला होता. कुणा म्हाताऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञाने गेलेल्या माणसांच्या नसण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, आणि ते मास्तरांनी प्रकाशकाकडून स्वतः मागून घेतलं होतं.

तिने कान बंद केले. डोळे मिटतात तसे कान मिटत नाहीत, पण जमतं. फ्रिजची घरघर धरून ठेवायची. ती थांबली की नळाची टिपटिप. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली तर तेवढ्यापुरती खुर्ची. मास्तरांचा आवाज लांब कुठेतरी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीसारखा जात राहिला. तिच्या हातात एक शेंग होती, अर्धी उघडलेली, आणि वाचन संपेपर्यंत तीच शेंग होती.

मास्तरांना ते दिसलं नाही. बबडीने केलेल्या चष्म्याचा नंबर आता पुरत नव्हता, एका डोळ्यात मोतीबिंदू धरत होता, तरी चष्मा बदलायचा विषय काढला की ते उठून जायचे. त्यामुळे कागद अगदी नाकाशी धरून वाचायचे. कागदापलीकडचं जग त्यांच्यापुरतं नव्हतंच. वाक्य संपलं की ते जरासे थांबत आणि मान किंचित दाराकडे कलती करत, इतकी वर्षं करायचे तशी. दारातून काही आवाज येत नसे. मग ते पेन्सिलीने बरोबरची खूण करत आणि पुढे जात.

वाचून उठले की ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे. मग पोस्टबाई उभ्या उभ्या, ओट्याशी, भराभर शेंगा सोलून टाकायची. मास्तर पाणी प्यायला आत यायचे तेव्हा भांडं भरलेलं असायचं.

उद्या सांगू, असं तिने पहिल्या दिवशी ठरवलं होतं. उद्या सांगायचं तर काय सांगायचं, तेही ठरवायला हवं होतं. मी ऐकत नाहीये म्हटलं तर ते का म्हणून विचारणार, आणि मग जे नाव घरात कुणी घेत नव्हतं ते तिला घ्यावं लागणार. परवा सांगू. पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं. काउंटरवर चुकीचा शिक्का पडलेलं पाकीट एकदा थैलीत गेलं की मागून ओरडण्यात अर्थ नसतो, तसं झालं. मास्तर म्हणायचे, हे माझं शेवटचं पुस्तक, यापुढे डोळे चालायचे नाहीत. आणि हे शेवटचं पुस्तक ते तिच्या हातांच्या भरवशावर पास करत सुटले होते. हे तिला एकटीलाच माहीत होतं.

एकदा चहा ओतून घेताना ते तिला म्हणाले, “या वेळी तू एकदाही थांबली नाहीस गं. इतक्या वर्षांनी आता माझा हात बसला.”

“हं,” ती म्हणाली आणि साखरेचा डबा शोधायला वळली. तो समोरच होता.

दोन वर्षांनी पुस्तक पुरं झालं. मास्तरांनी स्वतः जाऊन गठ्ठा प्रकाशकाला दिला. येताना त्यांनी तिच्यासाठी लोकरीचा गुंडा आणला, निळा. असलं काही ते कधी आणत नसत.

प्रकाशक महिन्याभराने घरी आला. बाहेरच्या खोलीत बसला, हवापाण्याचं बोलला, गुडघ्याचं बोलला. गठ्ठा त्याच्या पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर. पोस्टबाई आत चहा ठेवत होती. दार उघडं होतं.

“वाचलंस का?” मास्तरांनी शेवटी विचारलं.

“दोनदा वाचलं.”

“मग?”

“मास्तर, तुझी माझी दोस्ती जुनी—”

“दोस्तीचं राहू दे. पुस्तकाचं बोल.”

प्रकाशकाने पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले. “मला आत शिरताच येईना रे. प्रत्येक वाक्याला कुलूप. तुझी आधीची पुस्तकं म्हणजे कुणीतरी शेजारी बसून बोलतंय असं वाटायचं. वहिनींना वाचून दाखवलंस ना हे?”

“अख्खं.”

“आणि हात?”

“एकदाही थांबले नाहीत.”

 प्रकाशक हसल्यासारखं करून म्हणाला, “मग माझंच काहीतरी चुकतंय. वय झालं आता. वहिनींना कळलं असेल तर छापून टाकू.”

ट्रे घेऊन पोस्टबाई दारात उभी होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर पुस्तक छापलं गेलं असतं. प्रकाशकाने मैत्रीखातर छापलं असतं, आणि मास्तरांना आयुष्यात कधी कुणी हसलं नव्हतं ते म्हातारपणी हसलं असतं. नाही म्हणायचं म्हणजे इथे, परक्या माणसासमोर, कप हातात असताना म्हणायचं. पण नुसते मास्तर समोर असते तर कदाचित तिने हो म्हटलं असतं; तिऱ्हाइतासमोर तिला खोटं बोलवेना.

“मी ऐकलं नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?” प्रकाशक म्हणाला.

“वाचत होते ते. मी तिथे बसले होते. ऐकलं नाही.” तिने ट्रे टेबलावर ठेवला. “साखर घातलेली आहे.”

प्रकाशकाने तोंड भाजेल इतक्या गरम चहाचे दोन घोट घेतले आणि गठ्ठा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. “घाई नाही, मास्तर,” तो दारात म्हणाला. तो ‘घाई नाही’ म्हणाला की ते पुस्तक गेलं, हे मास्तरांनी दुसऱ्यांच्या बाबतीत कितीदा तरी पाहिलं होतं.

ती कप विसळायला आत गेली. थोड्या वेळाने मास्तर आत आले आणि टेबलाशी आपल्या जागेवर बसले. कागद न घेता ते तिथे कधी बसत नसत, त्यामुळे हात कुठे ठेवावे ते त्यांना सुचत नव्हतं.

“केव्हापासून?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या ओळीपासून.”

“आणि शेंगा?”

“तुम्ही उठलात की सोलायचे.”

त्यांनी मान हलवली, जणू हिशोब लागला. “मी दाराकडे कान लावून बसायचो,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“ती काही म्हणाली नाही, म्हणून मी पुढे जायचो.”

पोस्टबाईने नळ बंद केला. कप हातातच होता. इतकी वर्षं मनात नव्हता तो राग एकदम तिच्या तोंडावर आला. “दुसरं पुस्तक नव्हतं जगात? शेकड्याने लिहून ठेवलीत तुमच्या त्या लोकांनी. हेच आणून माझ्यापुढे बसायचं होतं रोज?”

“मला माझं काही सुचेना,” मास्तर म्हणाले. “तुझ्याशी काय बोलायचं ते सुचेना. त्याचं तयार होतं.” मग टेबलाकडे बघत म्हणाले, “मला स्वतःचं वाक्य कधी आलंय?”

तिने पाठ वळवलेलीच ठेवली. दोन वर्षं हा माणूस समोर बसून आपल्याशी बोलत होता, रोज, न चुकता, दुसऱ्याच्या तोंडाने का होईना. आणि आपण फ्रिज ऐकत होतो. आणि त्याने एकदा, एकदाच, कागद खाली केला असता तर त्याला ती एक अर्धी उघडी शेंग दिसली असती. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी कळल्या आणि कुठली आधी मनात धरावी ते कळेना. तिने कप पुसला, जागेवर ठेवला, पुन्हा काढून पुसला.

पुढचे काही दिवस घरात भाजी, दूध, विजेचं बिल एवढंच बोलणं झालं. गठ्ठा बाहेरच्या टेबलावर होता तिथेच राहिला. झाडताना ती तो उचलायची आणि खालची जागा पुसून परत ठेवायची.

मग एका दुपारी ती बाजारातून आली ती न सोललेले मटार घेऊन आली. चहा केला. परात काढली आणि टेबलाच्या आपल्या टोकाला बसली. मास्तर दारातून जाताना थांबले, परातीकडे पाहिलं, बाहेर गेले आणि गठ्ठा घेऊन आले.

“तो छापणार नाही,” ते म्हणाले.

“नको छापू दे. बसा.”

त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान नाकाशी धरलं आणि वाचलं, “ज्याची गैरहजेरी आपल्यासमोर एखाद्या हजर वस्तूप्रमाणे उभी राहते, त्याच्या त्या उभे राहण्यातच त्याच्या पूर्वीच्या असण्याचे, त्या काळी लक्षात न आलेले, आकारमान प्रथमच मोजता येते.”

वाक्य संपलं. त्यांची मान सवयीने दाराकडे कलली आणि तशीच राहिली. दार रिकामं होतं. बाहेरच्या खोलीतल्या खिडकीचा उजेड तिथपर्यंत आला होता.

पोस्टबाईच्या हातात शेंग होती. या वेळी तिने शब्द न् शब्द ऐकला होता.

“थांबले,” ती म्हणाली.

तिने तो शब्द कधी उच्चारला नव्हता. तो तिचा शब्दच नव्हता. आवाज मात्र तसाच निघाला, जरा घोगरा, शेवटाला खाली उतरणारा. तो आवाज बबडीने कुठून घेतला होता ते दोघांनाही त्या क्षणी कळलं.

मास्तरांनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला. लांबचं त्यांना चष्म्याशिवायच दिसायचं. त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. ते हात किती म्हातारे झाले आहेत हे त्यांना माहीत नसावं, इतका वेळ पाहत राहिले.

“कुठे?” त्यांनी विचारलं.

“सगळीकडेच.” तिने शेंग परातीत ठेवली. “काय म्हणायचंय त्याला? नीट सांगा. मागे रांग आहे.”

मास्तर विचार करायला लागले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“म्हणजे,” ते म्हणाले, “ती घरात होती तेव्हा किती जागा घ्यायची, ते आपल्याला तेव्हा कळलंच नाही.”

फ्रिज बंद पडून पुन्हा सुरू झाला. पोस्टबाई त्याच्याकडे लक्ष देत नव्हती.

“मग तसंच लिहा की,” ती म्हणाली.

मास्तरांनी पेन्सिल उचलली. चष्मा लावायला गेले, पण काचा पुसाव्या लागल्या, आणि पुसायला शर्टाचं टोक सापडेना. तिने टेबलावरून हात लांब करून चष्मा घेतला, ओढणीने पुसला, काडी कानामागे जिथे वाकवलेली होती तिथे क्षणभर बोट ठेवलं आणि परत दिला.

“तसं लिहिता येत नाही,” ते म्हणाले. “त्याच्या पुस्तकात ती नाहीये.”